बावीस बहिणींचा भाऊ

खालुंब्रं मागे पडलं तरी गेनूभाऊ दहा पावलं मागूनच चालत होते, आणि सुमननं एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.

रस्ता मोकळा होता. एरवी इथं कंटेनरच्या धुरळ्यात जीव मुठीत धरून चालावं लागतं, पण भाऊबीजेला कंपन्या बंद. गेटांना लक्ष्मीपूजनाला बांधलेले केळीचे खुंट तसेच होते, उन्हानं माना टाकलेले. वॉचमन खुर्चीत रेलून मोबाइल बघत होते. साडेअकरा वाजले असतील. महाळुंग्याहून निगडी चांगली पंधरा किलोमीटर, आणि सुमन रागाच्या भरात पायीच निघाली होती.

"सुमे, अगं रिक्षा करू. पैसं मी देतो."

ती चालतच राहिली.

"जल्मात पहिल्यांदा रिक्षा करतोय, बस की!"

"तुझ्या पहिल्या रिक्षात मी कशाला? तुझ्या त्या बावीस जणींना बसव."

मागून नुसता वहाणांचा आवाज. अडुसष्टाव्या वर्षीही गेनूभाऊंची चाल दमत नव्हती. दमणार कशी? तिकिटाला पैसे घालवायचे नाहीत म्हणून हा माणूस चाकणच्या बाजारालाही उभा जन्म पायीच गेलेला.

महाळुंग्यात लहान पोरालाही विचारा, चावीवाले गेनूभाऊ कोण, तो बोट दाखवील. जमीन कंपनीच्या गोदामाला गेल्यावर त्यांनी उरलेल्या तुकड्यावर बावीस खोल्यांची चाळ बांधली. भाडेकरू सगळे बाहेरचे. बीड, परभणी, लातूरकडचे. नवरे कंपनीत कंत्राटावर, बायका कुठं कॅन्टीनला, कुठं धुण्याभांड्याला. बावीस बिऱ्हाडांत नळ एक, आणि त्या नळाची चावी काढून गेनूभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात. सकाळी सहाला चावी बसायची, सहा वीसला निघायची. एखादीची नाइट शिफ्ट असली, उशीर झाला, तर कोरडी घागर घेऊन परत. "पानी काय माझ्या बापानं खाणीतनं काढलंय व्हय?" हे वर. बोअर बापानंच मारलेली होती, ते वेगळं.

काडेपेटीतल्या काड्या ते ब्लेडनं उभ्या चिरून दोन करायचे. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून त्यावर चिठ्ठ्या लिहायचे. दिवाळीत तर पहाटे उठून मारुतीच्या देवळातल्या विझलेल्या पणत्यांतलं उरलेलं तेल बाटलीत ओतून आणायचे. पुजाऱ्यानं एकदा हटकलं तर म्हणाले, "देवाचं तेल देवाच्याच लेकराच्या घरी चाललंय. तुमच्या पोटात का दुखतंय?" लोक हसायचे. सुमनही हसायची तेव्हा. आपला भाऊ चिकट आहे, पण कुणाचं हिसकावून तर घेत नाही, असं ती नवऱ्याला, उद्धवरावांना सांगायची. माहेरच्या माणसाची बाजू घ्यायचीच, ही तिची सवय.

मग एक दिवस भावानं तिला खेडच्या कचेरीत बोलावलं. हक्कसोड पत्र करायचं होतं. गावोगाव त्या वर्षांत तेच चाललं होतं. जमिनीला भाव आला की भावांना बहिणी आठवायच्या. सुमन दहावी शिकलेली. तिनं कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. बंधुप्रेमापोटी, स्वखुशीनं, विनामोबदला. तिथं ती थांबली. तिच्याकडं बघत आई म्हणाली, "सही न्हाई केलीस तर माहेर तुटंल, पोरी. मी हाय तवर ठीक हाय. पुढं कुणाच्या दारात जाशील?"

वडिलांच्या जमिनीत वाटा मागावा हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं, असं नाही. आलं होतं. पण दिवाळीला जायला एक दार असावं, तिथं कुणीतरी "आलीस का गं" म्हणावं, हे तिला जमिनीपेक्षा मोठं वाटलं. तिनं सही केली. बाहेर आल्यावर गेनूभाऊंनी मिसळ मागवली. दोघांत एक. पाव जास्तीचा घेतला तो आईसाठी. "दर भाऊबीजेला साडी," ते म्हणाले, "आन तुझं माहेर जल्मभर उघडं."

पहिल्या वर्षी साडी मिळाली. दुसऱ्या वर्षी खण. आई गेली त्या वर्षी नारळ, तोही देवळातला, शेंडी उपटलेला. सुमननं त्याच्या वड्या केल्या आणि उद्धवरावांना सांगितलं, यंदा दादाची तब्येत बरी नाही.

मग वर्षालीचं लग्न ठरलं. निगडीलाच कार्यालय घेतलं होतं. मामानं मुलीला बोहल्याकडं आणायचं असतं. सुमननं आठ दिवस आधी स्वतः जाऊन हळदकुंकू लावून पत्रिका दिली. "काही आणू नकोस दादा. नुसता ये. मामा म्हणून पोरीचा हात धर." गेनूभाऊ "व्हय, व्हय" म्हणाले. मुहूर्त बारा छत्तीसचा होता. बारा वाजेपर्यंत सुमन दारात उभी होती. शेवटी उद्धवरावांच्या कंपनीतले एक सहकारी मामा झाले. परक्या माणसाचा हात धरून वर्षाली बोहल्यावर गेली आणि गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

गावात लोकांनी विचारलंच. सख्ख्या भाचीच्या लग्नाला मामा गेला नाही, असं कसं? तेव्हा गेनूभाऊ म्हणाले, "सुमननं तिचा वाटा घेतला. मोजून घेतला. आता मामाकडनं वर काय पाहिजे?"

हे वाक्य सुमनला चार महिन्यांनी कळलं, चाकणच्या बाजारात, गावच्या एका बाईकडून. बाई सहज म्हणाली, "तुमी बाई हुशार. आमी आपल्या चोळी-बांगडीवर सह्या देऊन बसलो." सुमनच्या हातातली पिशवी खाली पडली. भाजी रस्त्यावर पसरली, ती गोळा करायलाही ती वाकली नाही.

त्यानंतर अकरा वर्षं ती महाळुंग्याला गेली नाही. तिला जमीन नको होती, तिला तिचं नाव परत हवं होतं. ज्या गावात ती जन्मली, त्या गावात ती वाटा खाऊन बसलेली बहीण झाली होती, आणि ज्या माहेरासाठी तिनं सही केली ते सहीबरोबरच गेलं होतं. भाऊबीजेला ती देवघरातल्या बाळकृष्णाला ओवाळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, भाऊ लांब असतो. पंधरा किलोमीटरवर.

यंदा भाद्रपदात गेनूभाऊंना डेंग्यू झाला. बायको आधीच गेलेली. मुलगा नवनाथ ताथवड्याला, फ्लॅटमध्ये. बायकोच्या बाळंतपणात बापानं गरम पाण्याच्या दुसऱ्या बादलीला नाही म्हटलं म्हणून तो घर सोडून गेला होता, तो फोनवरून "दवाखान्यात जा" एवढं बोलला. तीन दिवस गेनूभाऊ एकटे तापात पडून होते. चौथ्या दिवशी सात नंबरच्या खोलीतली भिमाबाई दारात उभी राहिली. कमरेवर हात.

"भाऊ, पेज करायलीय तुमच्यासाठी. पाणी न्हाई. चावी द्या."

"साडेचारला कसली चावी?"

"मग मरा तहानेनं. माझं काय जातंय? पण मेल्यावर चावी मीच काढून घेणार खिशातनं, सांगून ठेवते."

गेनूभाऊंनी चावी दिली. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. मग ते पडल्या पडल्या ऐकत राहिले. नळ सुरू झाला. घागरी आल्या, बायका आल्या, कुणी हसलं, कुणाचं पोर ओरडलं. ते वाट बघत होते, आता पाणी वाहून जाणार, टाकी रिकामी होणार. पंधरा मिनिटांत नळ बंद झाला. आपणहून. भिमाबाईनं पेज आणली आणि चावी उशाशी ठेवली.

"एवढ्यात बंद केला?" त्यांनी विचारलं.

"भरलं की सगळ्यांचं. वतून द्यायला आम्ही काय येडे आहोत व्हय?"

हे सगळं गेनूभाऊंनीच नंतर सुमनला फोनवर सांगितलं. अकरा वर्षांनी आलेला फोन. बोलता बोलता ते रडले. म्हणाले, "सुमे, मी त्या बायांस्नी चोर समजत हुतो गं. वीस वर्सं." आणि म्हणाले, "भाऊबीजेला ये. तुझ्या पाया पडतो, ये."

सुमननं त्या दिवशी एकादशी नसूनही दोनदा देवापुढं दिवा लावला. उद्धवराव म्हणाले, "जा. पण बेतानं जा." ती म्हणाली, "अहो, तो बदललाय." आपण त्याची बाजू घेतोय, हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

आज सकाळी ती पोहोचली तेव्हा चाळीवर बावीस आकाशकंदील लटकत होते. नळाला चावी कायमची बसवलेली. दारादारात फराळाचे डबे. ओट्यावर गेनूभाऊ पाटावर बसलेले, कपाळ कुंकवानं भरलेलं, आणि पुढं बायकांची रांग. एकेक जण ओवाळत होती, ते प्रत्येकीच्या ताटात साडी ठेवत होते. भिमाबाई हिरवी साडी घेऊन पुढं आली. "भाऊंनी दिली, ताई. बघा काठ! तुम्हीच का त्या निगडीच्या?" आणि ती जरा थांबली, सुमनकडं बघून. त्या थांबण्यात अकरा वर्षं होती.

सुमन रांगेत तेविसावी उभी राहिली. तिनं भावाला ओवाळलं. त्यांनी तिच्या ताटात साडी ठेवली. त्याच गठ्ठ्यातली, तोच काठ, फक्त रंग जांभळा. तिनं मनाला समजावलं, साडीसाठी आलीयेस का तू? नाही ना? मग गप्प.

मग देवळात सत्कार होता. मंडळाचे अध्यक्ष अर्जुनराव माईकवर. शाल घातली, श्रीफळ दिलं. अर्जुनराव रंगात आले होते. "मंडळी, माणूस बदलतो म्हणजे काय, ते आपल्या गेनूभाऊंकडं बघा! पण मी म्हणतो, हा माणूस मुळात सरळच होता. आठवा, सख्ख्या बहिणीला तिचा वाटा यानं त्या काळात चोख दिला. आपल्यातल्या किती जणांनी दिला, सांगा बरं? त्या ताई आज इथं बसल्यात. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं. वाटा घेतला आणि वर भाऊबीजेलाही हजर, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. सुमन भावाकडं बघत होती. आता तो उठेल. अकरा वर्षं मन खात आलेलं एवढं एकच वाक्य आहे, आणि माईक त्याच्यापासून दोन हातांवर आहे. आज त्यानं पाणी सोडलं, साड्या दिल्या, कंदील लावले. हे तर फुकटचं आहे.

गेनूभाऊंनी शालीचे गोंडे नीट केले. मान खाली घातली. सत्कारमूर्ती जशी लाजते तशी.

सुमन मारुतीला नमस्कार करायचंही विसरून बाहेर पडली.

येलवाडीपुढं नदीच्या पुलावर ती थांबली. इंद्रायणी दिसली की हात आपोआप जोडले जायचे. आज जोडले, पण मनात शब्द आला नाही. गेनूभाऊ येऊन कठड्याशी उभे राहिले. अंगावरची शाल अजून तशीच होती.

"दोन गुंठं तुझ्या नावावर करतो," ते म्हणाले. "चाळीमागचं. उद्याच चल खेडला."

"मला नको."

"मग काय पायजे तुला? सांग की. काय बी माग."

"दादा, तुला माहितीये काय पाहिजे. तासाभरापूर्वी पाहिजे होतं."

ते पाण्याकडं बघत राहिले.

"निघंना गं तोंडातनं. उठायचं म्हनलं, तर हात शालीकडंच गेलं."

"बावीस साड्या निघाल्या की."

"साड्यांचं सोपं हाय." ते म्हणाले, "दहा दिस झालं, लोक मला माणूस म्हणत्यात, सुमे. पोरं रस्त्यात राम राम घालत्यात. नवनाथ काल नातवाला घेऊन आला. मी उठून बोललो असतो की बहिणीला बुडवलं आन वर तिलाच बदनाम केलं, तर गेलं असतं सगळं. एका घटकेत गेलं असतं."

सुमनला तेव्हा कळलं की तिचा भाऊ कुठं बदललाय आणि कुठं नाही. जसं तेल जपायचा, पाणी जपायचा, तसं आता तो हे नवं नाव जपत होता, आणि ते नाव तिच्या नावावर उभं होतं. बाकी सगळ्यांचं त्यानं परत केलं होतं. भिमाबाईचं पाणी, नवनाथचं घर. फक्त तिचं तेवढं ठेवून घेतलं होतं, कारण तेच आता सगळ्यात महाग झालं होतं.

"चिकट होतास तेव्हा मी तुझी बाजू घ्यायचे," ती म्हणाली. "उद्धवरावांशी भांडायचे तुझ्यासाठी. वाटायचं, जे आहे ते तोंडावर तरी आहे. आज वाईट वाटलं, दादा. त्या लग्नाच्या दिवशीपेक्षा जास्त. त्या दिवशी तू वाईट होतास, म्हणून तसा वागलास. आज तू चांगला होतास. तरी तसाच वागलास."

ती पुढं चालायला लागली, गेनूभाऊ मागून. देहू आलं, गेलं. लांबून कळस दिसला तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली, ती परत घातली नाही. तळवड्याला एका बंद टपरीसमोरच्या बाकावर सुमन बसली. पाय भरून आले होते. गेनूभाऊ बाजूच्या दगडावर बसले, मग उठून समोरच्या घरातून तांब्याभर पाणी मागून आणलं. तिनं घेतलं. तहान लागली होती म्हणून घेतलं.

"तुझं अक्षर चांगलं हाय," ते अचानक म्हणाले. "शाळेत फळ्यावर तूच लिहायचीस. मी चौथीतनं गेलो, पण वाचता येतं मला. हळू वाचतो, पर वाचतो."

"मग?"

"तुळशीच्या लग्नाला सगळा गाव देवळात असतो. अर्जुनराव माईक देतीलच, आता मला द्यायलाच लागतोय. मनानं बोलायचं म्हनलं की मी मागं सरतो. पण हातात कागद असला, तर वाचावंच लागतं. कागद हातात घेतल्यावर मानूस मागं कसा जाईल?"

सुमनला हसू यावं की रडू, कळेना. गुन्हा याचा, आणि तो लिहून काढायचे कष्टही आपलेच. वाटलं, म्हणावं, तुझं तू बघ. रिकामा तांब्या तिनं बाकावर ठेवला. निगडीकडून एक रिकामी बस आली आणि न थांबता गेली.

"काय लिहायचं?" तिनं विचारलं. आवाज कोरडाच होता.

"सगळं. खेडची सही. मिसळ. नारळ. वर्षालीचा मामा. मी काय बोललो त्ये, अगदी तसंच. आजचं बी लिही, शाल घालून गप बसलो त्ये." त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि घडी करायला लागले. घडी नीट होईना. "मोठ्या अक्षरात लिही. माझं नाव पहिल्याच ओळीत घाल, म्हंजी सुरुवातीलाच अडकलो तरी लोकांस्नी कळंल कुणाचं हाय. आन सुमे, कुठं बी मला गोड करू नगं. शेवटी गेनू सुधारला, आसं तर मुळीच लिहू नगं. तेवढं माझं ऐक."